दम आधी परततो, टाच मागाहून

१५ मार्च २०२० रोजी बर्मिंगहॅममध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेचे अंतिम सामने झाले आणि दुसऱ्या दिवसापासून जागतिक बॅडमिंटन महासंघाने पुढच्या स्पर्धा स्थगित केल्या. आठवड्याभरात, २३ मार्चला, इस्लामपुरात कोरोनाचे पहिले चार रुग्ण आढळले. बघता बघता तो आकडा विसाच्या पुढे गेला आणि सांगली जिल्ह्याचं नाव राज्यभर पोहोचलं. लगेच देशव्यापी टाळेबंदी लागली, एसटी थांबली. इस्लामपूर आणि सांगली या दोन गावांच्या मध्ये, पेठ-सांगली रस्त्यावर असलेल्या आष्ट्याच्या दोन्ही वाटा बंद झाल्या.

अशा गावातल्या चौदा वर्षांच्या एका मुलीची कल्पना करावी. तीन वर्षांपासून ती नेमाने बॅडमिंटन खेळते आहे. जिल्हा पातळीवर दोन-तीन फेऱ्या जिंकू लागली आहे. पंधरा वर्षांखालील गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. सरावासाठी आई-वडिलांपैकी कुणीतरी तिला दुचाकीवरून हॉलपर्यंत सोडतं किंवा ती एसटीने जाते. मार्चच्या अखेरीस हॉलला कुलूप लागतं. रॅकेट कपाटावर जाते. सुरुवातीला वाटतं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात बंदिस्त बॅडमिंटन हॉल उघडायला परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० पासून. म्हणजे साडेसात महिन्यांनी.

या साडेसात महिन्यांत तिच्या शरीरात काय झालं, हॉल उघडल्यावर काय व्हायला हवं होतं, आणि त्यातलं काय बहुतेक ठिकाणी झालं नाही, हे आज पुन्हा पाहण्यासारखं आहे. कोरोना मागे पडला. खेळात खंड पडणं मात्र थांबलेलं नाही. कृष्णा-वारणेच्या काठावर तर ते पूर, परीक्षा आणि आजारपण यांच्या निमित्ताने दर वर्षा-दोन वर्षांनी घडतं.

वाऱ्याचं वैर

कोरोनाने सगळेच खेळ थांबवले, पण बॅडमिंटनची अडचण वेगळी होती. शटलकॉकचं वजन असतं पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. त्याला सोळा पिसं. वाऱ्याच्या साध्या झुळकेनेही ते वाट सोडतं. म्हणून हा खेळ चार भिंतींच्या आत, खिडक्या-दारं लावून खेळला जातो. अनेक हॉलमध्ये पंखेही बंद ठेवतात.

कोरोनाचा विषाणू पसरायला नेमकी हीच परिस्थिती सोयीची. श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण कोंदट हवेत बराच वेळ तरंगत राहतात. त्यात जोरदार व्यायाम करणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट अधिक हवा आत-बाहेर करतो. म्हणजे खेळाला वारा नको आणि आरोग्याला वारा हवा, असा हा पेच होता. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने ५ ऑगस्ट २०२० पासून मोकळ्या मैदानावरच्या काही खेळांना मुभा दिली, तेव्हा त्या यादीत टेनिस आणि मल्लखांबाबरोबर ‘मैदानी बॅडमिंटन’ होतं, हॉलमधलं नव्हतं. जागतिक महासंघाने त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०१९ मध्ये, वाऱ्यात टिकणारं वेगळं शटल तयार करून ‘एअर बॅडमिंटन’ हा मैदानी प्रकार आणला होता. पण ते शटल आपल्याकडच्या गावागावांत पोहोचलेलं नव्हतं. मुलं अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या रस्त्यावर प्लॅस्टिकच्या शटलने खेळली. मन रमलं, हात चालला. पण त्याला स्पर्धेची तयारी म्हणता येत नाही.

शरीर कोणत्या क्रमाने विसरतं?

सराव थांबला की शरीर सगळं एकदम गमावत नाही. त्याचा एक ठरलेला क्रम आहे, आणि तो समजला तर परतीची वाटही समजते.

सगळ्यात आधी जातो तो दम. सराव करणाऱ्या माणसाच्या रक्तातला द्रवभाग वाढलेला असतो, त्यामुळे हृदय एका ठोक्याला अधिक रक्त फेकू शकतं. सराव थांबल्यावर पहिल्या काही दिवसांतच हा द्रवभाग कमी होऊ लागतो. मग तेवढ्याच धावण्यासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. १९८४ साली अमेरिकेत काही मुरलेल्या खेळाडूंचा सराव मुद्दाम थांबवून त्यांची तपासणी केली गेली. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि तीन महिन्यांच्या आत सुमारे १६ टक्के घटली. नंतर मात्र घसरण थांबली. कधीच व्यायाम न केलेल्या माणसापेक्षा ते खेळाडू तेव्हाही वरच होते. ही यातली दिलासा देणारी बाजू.

हालचालच थांबली तर काय होतं, हे त्याहून जुन्या एका प्रयोगातून कळतं. १९६६ मध्ये डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं होतं. त्यांची क्षमता पावपटीहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा ते पन्नाशीत होते. आणि निघालं असं, की तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलं होतं. टाळेबंदीत दिवसभर मोबाइल घेऊन पलंगावर पडलेल्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावा असा हा निष्कर्ष आहे.

दमानंतर जातो तो नेमकेपणा. बॅडमिंटनमधली एक रॅली बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत संपते. एवढ्यात खेळाडू पुढे झेपावतो, मागे सरकतो, उडी मारतो, दिशा बदलतो. एकेरीत त्याच्या वाट्याला आलेलं अंगण ६.७ मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची, मनगटाची हालचाल पाहून शटल कुठे येणार हे ओळखावं लागतं. शटल दिसल्यावर हलायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. फटका कसा मारायचा हे मेंदू वर्षानुवर्षं विसरत नाही, सायकलसारखंच ते आहे. पण कधी मारायचा, ही वेळेची जाण समोर माणूस असल्याशिवाय धारदार राहत नाही. भिंतीवर शटल मारून हात तयार राहतो, नजर मात्र बोथट होते.

स्नायूंची ताकद त्या मानाने टिकाऊ असते. तीन-चार आठवडे तिच्यात फारसा फरक पडत नाही.

आणि कुणाच्या लक्षात न येता सैलावतात ते कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट दोर. टाचेमागचा कंडरा हा त्यातला सर्वांत मोठा. बॅडमिंटनमध्ये पुढे झेपावताना, मागे सरकून उडी घेताना आणि एका पायावर उतरताना सगळा भार त्याच्यावर येतो. कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो सावकाश घडतो आणि सावकाशच सुधारतो.

परतीचा क्रम उलटा नाही

खरी गोम इथे आहे. सराव पुन्हा सुरू केल्यावर दम काही आठवड्यांत परततो. मुलांत तर फारच पटकन. ताकदही लवकर येते. कंडऱ्यांना मात्र पुन्हा तयार व्हायला महिने लागतात. म्हणजे मधला एक काळ असा येतो, की खेळाडूला वाटतं, ‘मी पूर्वीसारखा झालो’. धाप लागत नाही, पाय जोरात पडतात. पण पायाचा तो दोर अजून जुना भार पेलायला तयार नसतो. दुखापती बहुतेक याच काळात होतात.

याचं सर्वांत ठळक उदाहरण कोरोनाच्या नऊ वर्षं आधीचं, अमेरिकन फुटबॉलमधलं आहे. २०११ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे तिथल्या व्यावसायिक लीगचे खेळाडू कित्येक महिने संघाच्या सराव केंद्रांपासून दूर राहिले. वाद मिटला, शिबिरं घाईने सुरू झाली आणि पहिल्या २९ दिवसांत १२ खेळाडूंचे टाचेमागचे कंडरे तुटले. त्यातले दहा पहिल्या बारा दिवसांत. हे खेळाडू जगातले सर्वांत तगडे, त्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ होते. तरी हे घडलं. नुसता खंड पडल्याने कंडरे तुटले नव्हते, खंडानंतरच्या घाईने ते तुटले.

नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याकडचे हॉल उघडले तेव्हा या अनुभवाची आठवण फार थोड्या ठिकाणी ठेवली गेली. आठ महिन्यांचा राहिलेला सराव भरून काढायचा म्हणून रोज दोन सत्रं, सुट्टीच्या दिवशी तीन, असा अनेकांचा उत्साह होता. त्यातून गुडघे, टाचा आणि खांदे धरून बसलेली मुलं डॉक्टरांकडे आली.

मूल बदलून परतलं

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती. हॉल बंद होता, पण वाढ बंद नव्हती. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटर. मार्चमध्ये हॉलमधून गेलेला मुलगा नोव्हेंबरमध्ये परतला तेव्हा त्याचे हात-पाय लांब झाले होते, वजन वाढलं होतं. रॅकेट तीच, पण शटल गाठायचं अंतर आणि वेळ बदललेली. प्रशिक्षकाला वाटे, हा सगळं विसरला. खरं तर तो नव्या शरीरात जुना खेळ बसवत होता.

या वयात हाडं आधी लांबतात आणि स्नायू मागून ताणले जातात. हाडाच्या वाढत्या टोकाशी जिथे कंडरा जोडलेला असतो तिथे ओढ पडते. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागच्या बाजूला दुखू लागतं. वाढीच्या वयातलं हे दुखणं बहुतेक वेळा भार कमी केल्यावर बरं होतं. पण ‘नाटक करतोय’ म्हणून तसंच खेळवलं तर महिनोन् महिने रेंगाळतं.

मुलींच्या बाबतीत अशक्तपणाकडेही पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी परतल्यावर लवकर दमते, तिचे पाय जड होतात, आणि घरचे समजतात की सवय गेली. साध्या रक्त तपासणीने आणि लोहाच्या गोळ्यांनी जो प्रश्न सुटतो, त्यापायी एखादीचा खेळच सुटू शकतो.

हरवलेली वर्षं

शरीर जे गमावतं ते परत मिळवता येतं. एक गोष्ट मात्र परत मिळत नाही, ती म्हणजे वयोगट.

बॅडमिंटनची कनिष्ठ स्पर्धा १३, १५, १७, १९ वर्षांखालील अशा पायऱ्यांनी चढत जाते. जागतिक कनिष्ठ स्पर्धा २०२० मध्ये झाली नाही आणि २०२१ मध्येही नाही. २००२ आणि २००३ साली जन्मलेल्या खेळाडूंचं या स्पर्धेतलं शेवटचं वर्ष असं कोरं गेलं. २०२२ मध्ये स्पेनमधल्या सांतांदेर इथे स्पर्धा पुन्हा झाली, तेव्हा चेन्नईच्या शंकर मुथुसामीने रौप्यपदक जिंकलं. त्याचा जन्म २००४ चा, म्हणजे त्याला शेवटची संधी मिळाली. एक-दोन वर्षं आधी जन्मलेल्यांना तीही नाही. देशातली वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये गुवाहाटीत झाली होती. त्यानंतरची थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात. मधली चार वर्षं रिकामी.

मोठ्या शहरातल्या, मोठ्या अकादमीतल्या खेळाडूला यातून वाट काढता आली. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला सरळ दोन गेममध्ये हरवलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. मुंबईच्या चिराग शेट्टीने सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीसोबत त्याच स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद मिळवलं आणि चारच महिन्यांनी, १५ मे २०२२ रोजी, भारताने इंडोनेशियाला ३-० असं हरवून पहिल्यांदा थॉमस करंडक जिंकला. कोरोनाच्या दोन वर्षांनंतरचं भारतीय बॅडमिंटन वरून पाहिलं तर उलट अधिक बहरलेलं दिसतं.

खालून पाहिलं तर चित्र वेगळं आहे. आष्ट्यातल्या त्या कल्पित मुलीचं पंधराखालचं वर्ष गेलं. सतराखालच्या गटात ती थेट वयाने मोठ्या मुलींसमोर उभी राहिली, तीही वर्षभर एकही सामना न खेळता. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले. ऑगस्टमध्ये राज्यात बऱ्याच ठिकाणी शिथिलता आली, तेव्हाही सांगली कडक निर्बंध राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत होती. मधेच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णेला पूर आला. २०१९ च्या महापुराला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर दहावी. अशा ओळीने आलेल्या अडचणींत मुलगी खेळ सोडते तेव्हा कुणी तिला ‘सोड’ म्हणालेलं नसतं. ती नुसती परतत नाही.

त्याच पुराच्या दिवसांत, २८ जुलै २०२१ रोजी, नंदू नाटेकर पुण्यात गेले. जन्म सांगलीचा, १९३३ सालचा. १९५६ मध्ये क्वालालंपूरला परदेशी भूमीवर आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. त्या दिवशी टोकियोत पी. व्ही. सिंधू हाँगकाँगच्या च्युंग न्गान यी हिला हरवून पुढच्या फेरीत गेली. चार दिवसांनी तिने कांस्यपदक जिंकलं. टाळेबंदीतला रिकामा काळ आपल्याला तंत्र सुधारायला उपयोगी पडला, असं तिने टोकियोपूर्वी सांगितलं होतं. तिच्यापाशी हैदराबादेत मोकळं स्टेडियम होतं, स्वतंत्र प्रशिक्षक होता. खंड तोच, पण त्याचा उपयोग करून घेण्याची साधनं निराळी.

चाचणी काय सांगते, हृदय काय सांगतं

बड्या खेळाडूंच्या वाट्याला दुसरे प्रश्न आले. जानेवारी २०२१ मध्ये बँकॉकला स्पर्धा झाल्या त्या बाहेरच्या जगाशी संपर्क तोडलेल्या ‘बबल’मध्ये, वारंवार चाचण्यांच्या अटीवर. तिथे सायना नेहवाल आणि एच. एस. प्रणॉय यांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. त्यांना थांबवलं गेलं आणि मग खेळायची परवानगी मिळाली. दोघांना काही आठवड्यांपूर्वी कोरोना होऊन गेला होता. पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय अंशाचा शोध घेते. आजार बरा झाल्यावरही असे मृत अंश कित्येक आठवडे नाकात सापडू शकतात. पॉझिटिव्ह म्हणजे दरवेळी संसर्ग पसरवणारा असं नाही, हे त्या घटनेने अनेकांना कळलं.

कोरोना झालेल्या खेळाडूच्या हृदयाची भीती त्याहून मोठी होती. कोणत्याही विषाणूजन्य तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोरदार व्यायाम केला तर ठोक्यांची लय बिघडून जीव जाऊ शकतो. अमेरिकेत कोरोना होऊन गेलेल्या १,५९७ महाविद्यालयीन खेळाडूंचं हृदय एमआरआयने तपासलं, तेव्हा ३७ जणांत सूज सापडली. म्हणजे शंभरात दोन-तीन. त्यातल्या बहुतेकांना काही त्रासही जाणवत नव्हता. भीती होती त्यापेक्षा प्रमाण कमी निघालं, पण शून्य नव्हतं.

त्यातून आलेला नियम आज कोरोनापुरता राहिलेला नाही. फ्लू, डेंगी, कोणताही ताप: अंगात ताप असताना कोर्टवर पाऊल ठेवू नये. बरं झाल्यावर आधी चालणं, मग हलकं पळणं, मग सराव. आणि खेळताना छातीत दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, छातीत धडधड किंवा चक्कर-भोवळ यांतलं काहीही झालं तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टरकडे जावं. ईसीजी ही साधी तपासणी सरकारी रुग्णालयात सहज होते. तिच्यापासून सुरुवात करावी आणि गरज वाटली तर पुढच्या तपासण्या डॉक्टर सांगतील.

पुढच्या खंडासाठी

पुढची महासाथ कधी येईल ते सांगता येत नाही. पुढचा पूर, पुढची बोर्डाची परीक्षा आणि पुढचा ताप मात्र नक्की येणार. म्हणून कोरोनाकडून शिकलेलं घरातल्या भिंतीवर लावून ठेवावं इतकं सोपं करून सांगता येईल.

खंड पडला तरी पूर्ण थांबू नये. अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात रोजचा ४० मिनिटांचा जोरकस व्यायाम १३ मिनिटांवर आणला, पण जोर तोच ठेवला. प्राणवायू वापरण्याची क्षमता १५ आठवडे टिकून राहिली, फक्त फार वेळ दम धरण्याची ताकद थोडी कमी झाली. वेळ कमी झाला तरी चालेल, जोर कमी होऊ देऊ नये. परीक्षेच्या महिन्यात किंवा पुरामुळे शाळेच्या खोलीत मुक्काम असतानाही दोरीवरच्या उड्या, जागच्या जागी कोर्टवरच्या पावलांचा सराव, चवड्यांवर उठणं, असं पंधरा मिनिटांत जमतं. याला हॉल लागत नाही, पैसे लागत नाहीत.

परतताना पायऱ्या चढाव्यात. ताकद प्रशिक्षकांच्या अमेरिकन संघटनांनी २०१९ मध्ये सुचवलेलं एक साधं गणित आहे. दोन आठवड्यांहून मोठ्या खंडानंतर पहिल्या आठवड्यात पूर्वीच्या निम्माच सराव. दुसऱ्या आठवड्यात ३० टक्के कमी, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात १० टक्के कमी. खंड कित्येक महिन्यांचा असेल तर प्रत्येक पायरीवर आणखी थांबावं. सुरुवातीला उडी मारून स्मॅश आणि लांब झेप टाळावी. आधी फटके, मग पावलं, मग उड्या, आणि सामने सर्वांत शेवटी.

टाचेला विचारावं. एका पायावर उभं राहून, भिंतीला बोटं टेकवून, चवड्यावर वर-खाली उठता येतं का ते पाहावं. निरोगी तरुणाला हे एका दमात वीस-पंचवीस वेळा जमायला हवं. दोन पायांत मोठा फरक असेल तर कमकुवत पायाला आधी तयार करावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाच किंवा गुडघा दुखला, तर कालचा सराव जास्त झाला असं समजावं आणि आजचा कमी करावा. दुखण्याची गोळी घेऊन खेळवू नये.

मुलांची उंची दर तीन महिन्यांनी मोजावी. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली तरी पुरे. उंची झपाट्याने वाढत असलेल्या काळात सराव वाढवू नये आणि खेळ बिघडला म्हणून ओरडू नये.

हॉलमध्ये हवा खेळती ठेवावी. खेळताना खिडक्या लावाव्या लागल्या तरी दोन सत्रांच्या मधे सगळी दारं-खिडक्या पंधरा-वीस मिनिटं उघडी टाकता येतात. सर्दी-तापाच्या मुलाला घरी पाठवता येतं. क्षयरोगापासून फ्लूपर्यंत हवेतून पसरणाऱ्या प्रत्येक आजारासाठी हे उपयोगी आहे.

या पाच गोष्टी घरचे आणि प्रशिक्षक करू शकतात. सहावी गोष्ट स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात आहे. पुरामुळे, साथीमुळे एखाद्या जिल्ह्यातल्या मुलांचं वर्ष वाया गेलं, तर त्यांच्या वयोगटासाठी जिल्हा पातळीवर दोन-चार जादा सामने भरवता येतात. रद्द झालेलं वर्ष परत देता येत नाही, पण परतायला एक दार उघडं ठेवता येतं.

ते दार उघडं राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. सांगली जिल्ह्यातल्या सुकांत कदमला लहानपणी गुडघ्याची दुखापत झाली आणि त्यातून अपंगत्व आलं. पुढे तो पॅरा-बॅडमिंटनकडे वळला आणि पुण्यात निखिल कानेटकर यांच्या अकादमीत घडला. कोरोनामुळे वर्षभर लांबलेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच आला, पण त्या भारतीय संघात सुकांत नव्हता. तो खेळत राहिला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकला तो गेला आणि त्याच्या गटात चौथा आला. पदक थोडक्यात हुकलं, पण टोकियो ते पॅरिस हे अंतर त्याने कापलं.

आष्ट्यातल्या त्या मुलीसारख्या मुली आज एकोणीस-वीस वर्षांच्या असतील. त्यांतल्या काहींची रॅकेट अजून कपाटावर असेल. त्यांच्यासाठीही हिशेब बदललेला नाही: पहिल्या आठवड्यात निम्मं, टाचेचं म्हणणं ऐकून, मग हळूहळू पुढे. आणि ज्यांच्या घरी आज तेरा-चौदा वर्षांचं मूल खेळतं आहे, त्यांनी पुढच्या पावसाळ्याच्या आधी दोरी घेऊन ठेवावी आणि चौकटीवर पहिली खूण करावी.